बिऱ्हाड जर्मनीला हलवताना: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जर्मनीला जाणाऱ्यांची आणि तिथे नुकत्याच पोचलेल्यांची पत्रं खूप आलीयत, म्हणून ही सगळी जागा त्यांनाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: मिस्टरांना म्युनिकला जॉब लागलाय, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या तिथल्या नोकरीच्या परवान्यावर जातायत, पुढच्या महिन्यात निघतील. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बीपीटी झाल्यापासून हॉस्पिटलमध्येच काम करतेय. मुलगा चार वर्षांचा आहे. सासरचे म्हणतात आधी त्याला एकट्याला सेटल होऊ दे, तुम्ही वर्षभराने जा. मला टेन्शन वेगळंच आहे, तिकडे माझ्या डिग्रीला कोणी विचारणार का, की मी नुसती घरी बसणार?

उत्तर: ताई, वर्षभर थांबू नका. दोन-तीन महिने मागे राहिलात तर चालेल, उलट तेवढं बरंच, कारण म्युनिकला भाड्याचं घर मिळायला खरंच वेळ लागतो आणि घर नसेल तर पुढचं सगळंच अडतं. तिथे घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि टॅक्स नंबर, मुलाचा किंडरगेल्ड म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, किटा म्हणजे तिथली बालवाडी, हे सगळं त्या नोंदणीनंतरच सुरू होतं. पण वर्षभराने तुम्ही गेलात तर काय होतं सांगते. मिस्टरांचं ऑफिस, मित्र, रोजचं रुटीन सगळं बसलेलं असतं आणि तुम्ही त्यांच्या आयतं लागलेल्या घरात पाहुण्यासारख्या शिरता, प्रत्येक पत्र त्यांनीच वाचायचं, डॉक्टरची अपॉइंटमेंट त्यांनीच घ्यायची. अशी घरं मी बरीच बघितलीयत. कुटुंब तिथे टिकतं की दोन वर्षांत परत येतं हे बहुतेक वेळा नोकरी असलेल्या माणसावर ठरतच नाही, ज्याला तिथे जाऊन नव्याने सुरुवात करायची असते त्याच्यावर ठरतं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की जिची नोकरी सुटलीय तिला आधी उभं करा.

आता डिग्री. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची परवानगी असते आणि व्हिसासाठी जर्मन भाषेची अट पण नसते. ऐकायला छान वाटतं, पण त्यामुळेच खूप जण एक अक्षर न शिकता विमानात बसतात. तुमचा पेशा तिथे नियमांत बसवलेला पेशा आहे, म्हणजे डिग्रीची सरकारी मान्यता मिळाल्याशिवाय फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही आणि तसं नावापुढे लावताही येत नाही. आयटीवाल्या मैत्रिणीचं ऐकून त्यावर जाऊ नका, तिला हे लागत नाही. तुम्ही ज्या राज्यात राहाल तिथलं खातं तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं, कमी पडलं तर एक ट्रेनिंगचा काळ किंवा परीक्षा सांगतं, आणि जर्मन साधारण बी-टू लेव्हलचं, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतकं, मागतं. यात दोन वर्षं सहज जातात, पण मार्ग आहे आणि फिजिओंची तिथे खरंच गरज आहे, त्यामुळे त्या दोन वर्षांचं चीज होतं.

निघायच्या आधी एक काम नक्की करा, कारण तिकडून ते फार जड जातं. कॉलेजात स्वतः जा आणि विषयवार तासांसकट पूर्ण सिलॅबस शिक्का मारून घ्या, इंटर्नशिपचे तास कुठल्या डिपार्टमेंटला किती ते लिहून घ्या, हॉस्पिटलचं अनुभवाचं पत्र नुसतं ‘काम चांगलं होतं’ असं नको, काय काय केलं ते हवं. डिग्री माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असेल, आपल्याकडे बहुतेकींचं असंच असतं, तर मॅरेज सर्टिफिकेट प्रत्येक फाईलला जोडून ठेवा. मुलाचं लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेतच ठेवा. 1 मार्च 2020 पासून तिथे गोवर लसीचा कायदा आहे, दोन डोसचा पुरावा दाखवल्याशिवाय चार वर्षांच्या मुलाला किटात घेत नाहीत. आणि किटासाठी अर्ज इथूनच, आजच टाकायला लागा, पत्ता ठरला नसला तरी म्युनिकची वेबसाईट बघून ठेवा. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाचा किटाच्या जागेवर कायद्याने हक्क आहे, 2013 पासून, पण मोठ्या शहरात प्रत्यक्ष जागा मिळायला ताटकळावं लागतं, आणि किटा नसेल तर तुमचा जर्मनचा क्लास कोण करणार?

त्यावरूनच मिस्टरांसाठी एक निरोप. सकाळी मुलाला किटात सोडायचं काम त्यांनी घ्यावं. फोल्क्सहोखशूल म्हणून गावोगाव लोकशिक्षणाच्या शाळा असतात, तिथे स्वस्तात क्लास होतात, आणि सरकारी इंटिग्रेशन कोर्स 600 तास भाषेचा आणि 100 तास तिथल्या कायद्या-समाजाचा असतो. हे तास सकाळचे असले तर बहुतेक बायकांचे पहिल्या महिन्यातच बुडतात, घरातलं काही ना काही निघतं म्हणून. अजून एक, टॅक्स क्लास, म्हणजे दर महिन्याच्या पगारातून किती टॅक्स कापायचा ते ठरवणारे नंबरांचे गट. नवरा-बायकोंना तीन (नवऱ्याला) आणि पाच (बायकोला) अशी जोडी घेता येते, त्यात नवऱ्याच्या हातात जास्त पगार येतो म्हणून सगळे तीच घेतात. तुम्ही कमवायला लागलात की पाचमध्ये तुमचा हातातला पगार इतका बारीक दिसतो की घरात कोणीतरी म्हणतंच, एवढ्यासाठी कशाला जातेस. वर्षाचा एकूण टॅक्स रिटर्न भरल्यावर तोच निघतो, पण बाळंतपणानंतरचा भत्ता आणि बेकारी भत्ता हातातल्या पगारावर मोजतात, तिथे मात्र तुमचं खरंखुरं नुकसान होतं. काम सुरू करायच्या बऱ्याच आधी दोघांनी चार-चार करून घ्या.

प्रश्न: इथली बँक खाती आणि पीपीएफ तसेच ठेवले तर चालतं का? आणि घराचं डिपॉझिट किती द्यायचं?

उत्तर: साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवून चालत नाही, तुम्ही एनआरआय झालात की ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं, बँकेत जाऊन सांगा. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही आणि नवीन उघडता येत नाही. एनआरई खात्याचं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्याचं, व्याज भारतात टॅक्स-फ्री असतं म्हणून जर्मनीतही असेल असं धरू नका, तिथे राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न ते बघतात, रिटर्नमध्ये दाखवा.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, म्हणजे हीटिंग वगैरे सोडून, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. घर न दाखवता आधी पैसे मागणारा माणूस फसवतोय असंच समजा. आणि विचारून घ्या की किचन आहे का, कारण तिथे खूप घरं ओटा-सिंकसुद्धा नसलेली मिळतात, तो खर्च वेगळा धरायला लागतो.

प्रश्न: आम्हाला बायर्नमध्ये (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) येऊन आठ महिने झाले. मुलगी तिसरीत आहे, भारतात हुशार होती, इथे गप्प झालीय. टीचर म्हणाल्या चौथीनंतर तिला मिटेलशूलला, म्हणजे तीन प्रकारच्या शाळांतल्या सगळ्यात खालच्या मानल्या जाणाऱ्या शाळेत, जावं लागेल, आणि घरी मराठी बंद करून जर्मन बोला. आम्हाला खूप वाईट वाटतंय, काय करावं?

उत्तर: आधी दुसरं सांगते, मराठी बंद करू नका. तुमचं दोघांचं जर्मन अजून मोडकं असणार, ते ऐकून तिचं जर्मन सुधारणार नाही, पण तिला दिवसभरात जिथे मोकळेपणाने बोलता येतं ती एकच जागा आहे ती पण जाईल. जी भाषा चांगली येते तिच्यावरच दुसरी उभी राहते, हे भाषाशिक्षणातल्या लोकांचं पक्कं मत आहे. टीचरना शांतपणे सांगा की घरी आम्ही मराठीत वाचन करून घेतो, जर्मनसाठी शाळेत ज्यादा तास मिळेल का ते बघा. नवीन आलेल्या मुलांसाठी बऱ्याच शाळांत असे तास असतात आणि ते मागायला लाजू नका. दुपारी एखाद्या क्लबमध्ये, पोहणं म्हणा फुटबॉल म्हणा, घाला. गप्प झालेली मुलं वर्गात बोलायला लागायच्या आधी खेळात बोलायला लागतात. मुलं नवीन भाषेत काही महिने नुसती ऐकत असतात, तेवढ्यावरून ती मागे पडली असं ठरवू नका.

शाळेचं म्हणाल तर बायर्नचा नियम कडक आहे हे खरं. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम म्हणजे थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूल म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, त्यापुढे मिटेलशूल. तिथे 1 हा सगळ्यात चांगला मार्क असतो, हे आजी-आजोबांना पण सांगून ठेवा, नाहीतर फोनवर घोटाळा होतो. आठ महिन्यांच्या भाषेवर दहा वर्षांच्या मुलीचा निकाल लावणं मला मनापासून पटत नाही, आणि खुद्द तिथलेही खूप पालक या पद्धतीवर नाराज आहेत. पण दरवाजा बंद होत नाही. मिटेलशूलमध्येच एम-वर्ग म्हणजे दहावीपर्यंत नेणारे वरच्या पातळीचे वर्ग असतात, तिथून दहावीचं प्रमाणपत्र घेऊन एफओएसला, म्हणजे दहावीनंतरच्या व्यवसायाकडे झुकलेल्या शाळेत, जाता येतं आणि तिथून पुढे कॉलेजला. हे तुम्ही स्वतः नीट समजून घ्या आणि मगच मुलीशी बोला, कारण आत्ता तिला वाटत असणार की तिच्यामुळे आई-बाबांना वाईट वाटतंय. शाळेच्या दिवसांत तिला भारतात आणू नका मात्र, मुलाला शाळेत पाठवणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे, तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून आठवडाभर आधी निघालं तरी दंड होऊ शकतो.

प्रश्न: आमची वयं 67 आणि 62. मुलगा आणि सून गेल्या वर्षी जर्मनीला गेले, म्हणतात तुम्ही पण कायमचे या. येऊ शकतो का आम्ही?

उत्तर: काका, कायद्यात आता वाट आहे. ज्यांना तिथला कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा 1 मार्च 2024 किंवा त्यानंतर मिळालाय त्यांना आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांनाही बोलावता येतं. तुमचा मुलगा त्यात बसेल असं दिसतंय. पण अट आहे की तुमचा सगळा खर्च त्याला झेपला पाहिजे आणि तुमचा पुरेसा आरोग्य विमा पाहिजे, आणि सगळं तिथेच येऊन अडतं. मुलाच्या सरकारी विम्यात बायको-मुलं फुकट बसतात, आई-वडील बसत नाहीत. 55 च्या पुढे नव्याने सरकारी विम्यात शिरणं जवळपास अशक्य असतं, आणि प्रायव्हेट कंपनी या वयात, त्यात बीपी-शुगर असेल तर, फार मोठा हप्ता मागते किंवा नकोच म्हणते. मुलाला आधी विम्याचं लेखी कोटेशन आणायला सांगा, ते हातात आल्याशिवाय इथलं घर विकायचा विषयसुद्धा काढू नका.

माझं ऐकाल तर पहिली दोन वर्षं शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या थोड्या मुदतीच्या व्हिसावर, जा, 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. एकदा हिवाळ्यात जाऊन बघा, उन्हाळ्यात सगळ्यांनाच आवडतं. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, खाली उतरून बोलायला कोणी नाही, ते तुम्हा दोघांना जमतंय का हे तिथे राहूनच कळेल. या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, पण आधीपासूनची दुखणी त्यात बहुतेक वेळा धरत नाहीत, तेव्हा रोजच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, डॉक्टरचं इंग्लिशमधलं प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा आणि निघायच्या आधी दातांचं काय राहिलं असेल ते इथेच करून घ्या.