नऊपट्टी आर्माडिलो (अंगावर कवच असलेला एक सस्तन प्राणी) धोक्यात आला आहे का?

नाही. रस्त्यांवर मेलेले आर्माडिलो वारंवार दिसतात म्हणून तसं वाटतं, पण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो 'किमान चिंता' गटात आहे. उत्तर अर्जेंटिनापासून अमेरिकेपर्यंत तो आढळतो. 19व्या शतकाच्या मध्यावर टेक्सासमध्ये आला, आणि अजून उत्तरेकडे सरकतोच आहे.

प्रजनन तर विलक्षणच! एकाच फलित अंड्यातून बहुधा चार एकसारखी पिल्लं होतात.

उत्तरेकडे सरकण्यात खरा अडसर थंडीचा. अंगात चरबी कमी, शीतनिद्रा नाही. जमीन गोठली की किडे-अळ्या उकरता येत नाहीत आणि तो उपाशी मरतो. रस्त्यावर घात होतो तो दचकून सरळ वर उडी मारण्याच्या सवयीमुळे: चाकाखालून वाचलेलाही गाडीच्या तळावर आदळतो. काहींत कुष्ठरोगाचे जंतू असतात, त्यामुळे उघड्या हातांनी धरू नका.