ट्रेलरच्या टाक्या: पहिल्या सहलीपूर्वी

अमेरिकेत आपण गाडीमागे ओढायचा, राहण्याची सोय असलेला पहिलाच ट्रेलर घेतला आहे, तेव्हा त्याच्या तीन टाक्यांपैकी (काळी, करडी आणि पिण्याच्या पाण्याची) आधी शौचालयाच्या काळ्या टाकीकडे लक्ष द्यावे. कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याची जोडणी मिळाली, तरी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नये, कारण पाणी तेवढे वाहून जाते आणि मैला तळाशी साचून दगडासारखा वाळतो. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली आणि एक अख्खा रविवार नाकाला रुमाल बांधून ती टाकी धुण्यात घालवला. टाकी सुमारे दोन-तृतीयांश भरल्यावरच, हातमोजे घालून, व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा. त्यानंतर स्वयंपाकघर आणि न्हाणीची करडी टाकी सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने सांडपाण्याची जाड नळीही धुऊन निघते. रिकाम्या काळ्या टाकीत लगेच दहा-बारा लिटर पाणी आणि टाकीचे औषध घालावे. धुतल्यावरही टाक्यांची पातळी दाखवणारे पॅनेल टाकी भरलेली दाखवत असेल, तर बहुधा सेन्सरला कागद चिकटलेला असतो.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळीच ठेवावी. हंगामाच्या सुरुवातीला पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप, सुगंध न घातलेले साधे ब्लीच पाण्यात कालवून ओतावे, टाकी भरावी, प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, रात्रभर ठेवावे आणि वास जाईपर्यंत सगळे धुऊन काढावे. शिवाय ४० गॅलन पाण्याचे वजन सुमारे १५० किलो भरते. मुक्कामी नळ असेल, तर प्रवासात टाकी काठोकाठ भरू नये.