वर्ग संपला, आता दारात जा

प्रिय,

तुझ्या वर्गात पंचवीस जण धंद्याचं कसब शिकले, सहा महिन्यांनी चौघांचाच धंदा उभा आहे, म्हणून तू शिकवणंच फोल ठरवायला निघालास. वर्ग संपल्यावर त्यांच्यापैकी एकाच्या तरी दुकानात पाय ठेवलास का? दारात जा.

हिशेब तू फळ्यावर शिकवलास, तो दुकानात बिघडतो. समज, एका नगामागे कच्चा माल वगैरे जाऊन 25 रुपये उरतात. भाडं, वीज मिळून महिन्याला 3,000. तुझ्याकडे शिकलेला मुलगा सांगतो, 120 नग विकले की सुटलो. त्यात स्वतःची मजुरी कुठे आहे? महिन्याला 2,000 इतकी तुटपुंजी धरली, तरी 200 नग लागतात. तो 130 विकतो, नफ्यात आहे असं समजतो, गल्ल्यातून घरखर्च काढतो आणि एक दिवस माल भरायला पैसे नसतात. वहीत हे दिसत नाही. गल्ल्याशेजारी तासभर बसलं की दिसतं.

नुसतं जाऊनही भागत नाही, बरं का. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या राजधानीत, लोमेत, दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला. 2017 साली तो ‘सायन्स’ या संशोधनाच्या नियतकालिकात छापून आला. नेहमीचं व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात ठोस फरक दिसला नाही. स्वतःहून पुढाकार घ्यायला शिकवलेल्यांचा नफा मात्र सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. तेव्हा दारात गेल्यावर ‘वही भरली का’ एवढंच विचारू नकोस. ‘या महिन्यात कोणी न सांगता काय नवीन करून पाहिलंस?’ हे विचार.

आणि पंचवीस जणांना एकच कसब शिकवू नकोस. एकाच वस्तीत पंचवीस शिलाई मशिनं बसली की गिऱ्हाईक तेवढंच राहतं, वाटेकरी वाढतात. वस्तीची कमाई वाढते ती बाहेरचं गिऱ्हाईक आलं, बाहेरून येणारी वस्तू इथे बनू लागली किंवा धंद्याने दुसऱ्या कोणाला मजुरी दिली की. अहवालात हेच मोज. प्रमाणपत्रं मोजण्यात आमची वर्षं गेली, ती चूक पुन्हा नको. मला हट्टी म्हणतात, म्हणू देत.

पुढच्या तुकडीत बाराच घे, वाचलेले तास भेटींना दे. पहिली भेट, ज्याने तुझा फोन उचलणं बंद केलंय त्याच्याकडे.