मशीन लावायच्या आधी पेशंट गंभीर आहे हे पॅरामेडिकला कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की अँब्युलन्समधून उतरल्या उतरल्या, एकही मशीन न लावता, पॅरामेडिक पेशंटची गंभीर अवस्था कशी ओळखतात, आणि आजार कोणता हेच माहीत नसताना उपचार कसे सुरू करतात. मी हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजाराचं नाव पहिल्या मिनिटाला लागतच नाही. माणूस सगळ्यात आधी कशाने दगावेल, तेवढंच बघायचं असतं. त्याचा क्रम ठरलेला आहे: श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास पुरेसा आहे का, रक्ताभिसरण कसं आहे, शुद्ध किती आहे, आणि मग कपडे बाजूला करून अंगभर नजर. ज्या पायरीवर बिघाड सापडेल तिथेच थांबून तो आधी निस्तरायचा. अपवाद एकच, भळाभळा वाहणारं रक्त. ते सगळ्याच्या आधी दाबून धरायचं.

पहिली तपासणी म्हणजे साधी हाक. पेशंटने सलग वाक्यात उत्तर दिलं, तर वाट मोकळी आहे, श्वास चालू आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय हे एका दमात कळतं. दोन शब्द बोलून धाप घ्यावी लागत असेल तर तो गंभीर, मग ऑक्सिमीटरवर आकडा काहीही असो. उत्तरच नसेल तर कान द्यायचा. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय. कपाळावर हात ठेवून डोकं मागे करायचं आणि हनुवटी उचलायची. मानेला मार असल्याची शंका असेल तर मान न हलवता फक्त जबडा पुढे ढकलायचा. खळखळ आवाज म्हणजे घशात उलटी किंवा रक्त. तिथे सक्शन, म्हणजे नळीने ते ओढून काढणं, लागतं, पण एका वेळी १० ते १५ सेकंदच, कारण तेवढा वेळ पेशंटला ऑक्सिजन मिळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती शेवटच्या आचक्यांमुळे. हृदय बंद पडल्यावरही काही जण पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं अधूनमधून तोंड उघडतात, क्वचित हातपाय झटकतात. घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे, किंवा फिट आलीय, आणि मोलाची मिनिटं जातात. नियम सोपा आहे: हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर छाती दाबायला सुरुवात. हे ठरवायला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. आपण दमलोय हे कळायच्या आधीच दाब उथळ झालेला असतो.

श्वास अंदाजाने सांगू नये, निदान अर्धा मिनिट मोजावा. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० ठीक, २५ च्या वर गेला तर सावध व्हायचं. दम्याच्या झटक्यात मात्र उलटी खूण असते. मघापर्यंत धापा टाकणारा पेशंट अचानक शांत झाला, पेंगू लागला, छातीतली घरघर ऐकू येईनाशी झाली, तर तो बरा होत नाहीये, थकलाय. बॅगने (तोंडावर मास्क लावून हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास द्यायची तयारी तेव्हाच करायची. बॅग दाबताना घाईत हात भराभर चालतो, आणि हे खरंच घातक आहे: हवा पोटात जाऊन उलटी होते, छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. नाडी चालू असेल तर सहा सेकंदांना एक श्वास, छाती जेमतेम उचलेल इतकाच.

रक्ताभिसरणासाठी त्वचा बघते. गार, घामेजलेली, फिकट त्वचा आणि वेगवान नाडी असेल तर बीपी चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. तरुण, धडधाकट माणसात जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत बीपी टिकून राहू शकतो.

शुद्ध बदललेली दिसली की ग्लुकोमीटरने रक्तातली साखर मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. साखर खूप उतरली की जीभ अडखळते, एक बाजू लुळी पडते, माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. हुबेहूब पक्षाघात. बोट आधी पुसून घ्यायचं, कारण घरच्यांनी घाबरून साखर चारलेली असते आणि बोटाला लागलेल्या साखरेने आकडा खोटा वाढतो. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि गिळता येतंय, तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. त्याला आम्ही शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, देतो. जास्त तीव्र द्रावण शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी आणि मांस खराब होऊ शकतं.

पेशंट पाच-दहा मिनिटांत उठून बसतो आणि मग घरचे दवाखान्यात न्यायला नको म्हणतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लमाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात ऐकू नये. त्यांचा असर कित्येक तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरते, बहुतेकदा झोपेत. त्यामुळे गोळ्यांच्या पट्ट्या पेशंटबरोबर पाठवा, आणि पक्षाघाताची शंका असेल तर माणूस शेवटचा कधी धड दिसला ती वेळ सांगा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास त्या वेळेपासून मोजले जातात.