विमानातून टाकलेल्या सुरुंगाला नकाशा नसतो

विचारलंय ते असं: सुरुंग ही खड्डा खणून पुरायची वस्तू. ती विमानातून टाकली तर आपटून फुटणार नाही का? आणि दाट जंगलात झाडांत अडकून बसली तर उपयोग काय?

दोन्ही शंका रास्त आहेत. फौजेत असताना मी सुरुंग पुरलेत आणि काढलेतही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्याही मनात नेमकं हेच आलं होतं.

विमानातून सुरुंगासारखी चीज टाकायची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. जर्मनांचा एसडी-२ हा पत्र्याचे पंख उघडून भिरभिरत खाली येणारा छोटा बॉम्ब. जून १९४३ मध्ये इंग्लंडच्या ग्रिम्स्बी गावावर ते टाकले होते. काहींना असा फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) असायचा की पडून शांत राहायचे आणि कोणी हात लावला की फुटायचे. पण ते शहर होतं. जंगलातला खरा प्रयोग लाओसमध्ये झाला, हो चि मिन्ह ट्रेलवर.

व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामचा बराचसा माल या वाटेनं लाओसच्या डोंगरांतून दक्षिणेकडे जायचा. नुसत्या बॉम्बफेकीनं तो थांबेना. तेव्हा १९६६ च्या उन्हाळ्यात ‘जेसन’ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या गटानं संरक्षणमंत्री मॅक्नामारांना एक योजना दिली: जंगलात विमानातून सेन्सर टाका, सेन्सरच्या आजूबाजूला सुरुंग पेरा, आवाज आला की विमानं पाठवा. त्या अहवालात सुरुंगांचा अंदाज होता महिन्याला दोन कोटी. वर्षाला नाही, महिन्याला. एकही सुरुंग पडायच्या आधी कुठल्यातरी टेबलावर बसून हा हिशेब मांडला गेला, हे मला अजून पचत नाही.

हा सुरुंग म्हणजे ‘ग्रॅव्हल’. आपल्याकडच्या माणसाला सुरुंग म्हटलं की लोखंडी डबा दिसतो. हा होता तळहातावर मावेल असा कापडी पुडा, आत घासलं-दाबलं की फुटणारी स्फोटकं. धातू नाही, यंत्रणा नाही, चाप नाही. मग विमानात तो फुटत का नव्हता? तर तो फ्रिऑन नावाच्या, पटकन उडून जाणाऱ्या द्रवात भिजवलेला असायचा. ओला आहे तोवर मुका. खाली पडला, फ्रिऑन काही मिनिटांत उडून गेलं, की जागा झाला. पहिल्या शंकेचं उत्तर हे. पाय तुटेल एवढीच ताकद त्यात होती. ट्रकच्या टायरचं तो फारसं काही बिघडवत नसे.

दुसरा ‘ड्रॅगनटूथ’, बीएलयू-४३. वजन जेमतेम वीस ग्रॅम, आत द्रवरूप स्फोटक, आणि एका बाजूला प्लॅस्टिकचा चपटा पंख. माधवीलतेची पंखवाली फळं वाऱ्यावर गरगरत खाली येतात ना, तसंच. रशियनांनी याचीच मोठी नक्कल करून पीएफएम-१ बनवला आणि अफगाणिस्तानात टाकला. ‘मुलांनी उचलावं म्हणून मुद्दाम खेळण्यासारखा केला’ असं सर्रास लिहिलं जातं. तो पंख उडण्यासाठी आहे. मुलांनी उचलला आणि मुलं मेली, हे मात्र खरं. त्यासाठी कट असायची गरज नव्हती.

तिसरा प्रकार पडल्यावर चारी बाजूंना बारीक तारा फेकायचा. तार हलली की खेळ संपला.

आता झाडांची शंका. अडकायचे, अडकणारच. म्हणून सुरुंग आंधळेपणानं जंगलभर टाकण्यापेक्षा रस्त्याच्या अडचणीच्या जागांवर टाकायची पद्धत रुजली: घाट, नदीचा उतार, आधीच्या बॉम्बफेकीनं उघडी पडलेली वळणं. आधी बॉम्बनं रस्ता फोडायचा. मग तिथे चुंबकीय फ्यूजचे पाचशे पौंडी ‘डिस्ट्रक्टर’ टाकायचे, म्हणजे दुरुस्तीला बुलडोझर येणार नाही. आणि त्यावर ग्रॅव्हल-ड्रॅगनटूथचा सडा, म्हणजे डिस्ट्रक्टर निकामी करायला माणूस पायी येणार नाही. सुरुंगाचं संरक्षण सुरुंगानं. एक इंजिनिअर म्हणून कबूल करतो, योजना हुशार होती.

पण जंगलानं ती खाल्ली. लाओसच्या उष्म्यात आणि दमट हवेत ग्रॅव्हल ठरवल्यापेक्षा फार लवकर निकामी व्हायचे. समोरचे लोकही बसून नव्हते. दोराला वजन बांधून लांब फेकायचं, आडोशाला पडून दोर ओढत आणायचा, तारा आणि सुरुंग त्यातच फुटायचे. सेन्सरचे इशारे वाचायला थायलंडमधल्या नाखोन फनोमच्या तळावर आयबीएमचे त्या काळातले बलाढ्य संगणक बसवले होते, आणि इकडे उत्तर होतं दोर! हे सगळं टाकायला विमानांना खाली यावं लागायचं, ते वेगळंच. सेन्सर टाकणाऱ्या नौदलाच्या व्हीओ-६७ स्क्वाड्रननं काही आठवड्यांत तीन नेपच्यून विमानं गमावली. ट्रेल चालूच राहिली.

एक गल्लत इथेच दूर करतो. लाओसमध्ये आजही माणसं मारतात ती मुख्यतः क्लस्टर बॉम्बमधली टेनिस चेंडूएवढी ‘बॉम्बी’. १९६४ ते १९७३ दरम्यान अशा सुमारे २७ कोटी टाकल्या, त्यातल्या अंदाजे तीस टक्के फुटल्याच नाहीत. ते सुरुंग म्हणून टाकलेले नव्हते, न फुटल्यामुळे सुरुंग झाले. शेत नांगरणाऱ्याला फरक पडत नाही म्हणा.

हातानं पुरलेल्या सुरुंगाची नोंद असते: खुणेच्या दगडापासून किती पावलं, कंपासवर किती अंश, किती रांगा, रांगेत किती. काढताना तो कागद समोर ठेवून पोटावर झोपायचं, प्रॉडर, म्हणजे टोचायची सळई, तिरका धरायचा आणि बोट-दोन बोटं अंतरानं माती टोचत सरकायचं. कोपर आखडून जातं, घाम डोळ्यांत उतरतो, पुसायला हात रिकामा नसतो. ऑपरेशन पराक्रमनंतर, म्हणजे २००१-०२ मध्ये पाकिस्तान सीमेवर फौज उभी होती त्यानंतर, राजस्थान-पंजाबातले सुरुंग काढताना नकाशे हातात होते, तरी आपली माणसं गेली. विमानातून टाकलेल्याला असा कागदच नसतो. वैमानिक सांगणार काय, तर ‘त्या डोंगराच्या अलीकडे’. त्यातून कापडी ग्रॅव्हलवर मेटल डिटेक्टरही वाजत नाही.

म्हणून नंतर सगळा जोर ‘आपोआप मरणारा सुरुंग’ यावर आला. १९९७ चा ओटावा करार माणसांविरुद्धचे सुरुंग पूर्ण बंद करतो, पण भारत, अमेरिका, रशिया, चीन यांच्यापैकी त्यात कोणी गेलं नाही. आपण १९९९ मध्ये मान्य केला तो ठरावीक पारंपरिक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सुरुंगांबद्दलचा १९९६ चा सुधारित प्रोटोकॉल. त्यात दुरून टाकायच्या अशा सुरुंगांना अट आहे: तीस दिवसांत शंभरातले निदान नव्वद स्वतःहून नष्ट व्हावेत, आणि १२० दिवसांनंतर हजारात एकाहून जास्त जिवंत राहू नये.

जेसनवाल्यांच्या दोन कोटींना ही अट लावून बघा. सगळं नियमानुसार झालं तरी दर महिन्याच्या खेपेतले वीस हजार जिवंत.