नाण्यांच्या प्रदर्शनात व्यापाऱ्याला न देता थेट दुसऱ्या संग्राहकाला नाणी विकली तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या डब्यात व्हिक्टोरियाचे रुपये, चारमिनारचे निजामी रुपये, मूठभर शिवराया (शिवछत्रपतींच्या नावाची तांब्याची नाणी) आणि १८१८ सालचं मारुतीचं एक तांब्याचं नाणं निघालं. सोलापुरात प्रदर्शन भरेल तेव्हा हे सगळं टेबलवाल्या व्यापाऱ्याला द्यावं की तिथेच भेटलेल्या एखाद्या संग्राहकाला परस्पर, आणि परस्पर दिलं तर ते गैर दिसेल का, हा तुमचा प्रश्न.

गैर अजिबात नाही. माझ्या संग्रहातली बरीच नाणी अशीच हातोहात आली आहेत. फक्त एक लक्षात घ्या: व्यापारी मध्ये नसला की त्याचा नफा वाचतो, पण तो ज्याची हमी देतो ती हमी आता तुम्हाला द्यावी लागते. नाणं खरं आहे ना, कडी जोडायला कुठे डाक लावलेला नाही ना, हे सांगणं तुमच्यावर येतं.

आधी भावाचं बघू. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणलं की तुमची किमान किंमत निघाली. सर्रास मिळणारा रुपया व्यापारी याच्या आसपास किंवा थोडा खालीच घेतो आणि वर विकतो. त्याचं पोट त्यावर आहे. संग्राहक आणि तुम्ही मधल्या आकड्यावर भेटलात तर दोघांचंही भलं होतं. जॉर्ज सहाव्याचे रुपये असतील तर साल बघा, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. दुर्मिळ नाण्याचं गणित मात्र उलटं असतं. त्याचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसलेलं असतं आणि ते व्यापाऱ्याला माहीत असतं, तुम्हाला नाही. तिथे दोन-तीन टेबलांवर भाव विचारल्याशिवाय कुणालाच हो म्हणू नका.

आता रीत. टेबलवाल्यानं भाडं भरलेलं असतं, तो लांबून प्रवासखर्च करून आलेला असतो. त्याच्यासमोर उभं राहून त्याच्याच गिऱ्हाईकाला ‘माझ्याकडे बघा’ म्हणणं हा उद्धटपणा आहे, आणि असा माणूस पुढच्या वेळी कुणाला जवळ नको असतो. कुणाची घासाघीस चालू असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही. आल्या आल्या आयोजकांना विचारा: काही जण टेबलाशिवाय विकू देत नाहीत, काही जण अदलाबदलीसाठी एखादा कोपरा मोकळा ठेवतात. कोपरा नसेल तर सरळ बाहेर चहाच्या टपरीवर बसून बोला. व्यापाऱ्याला आधी दाखवलं, त्यानं भाव सांगितला आणि तो पटला नाही, तर तसं तोंडावर सांगून निघा. यात कुणी रागावत नाही.

दाखवताना टेबलावर रुमाल पसरा. नाणं फक्त कडेनं धरायचं आणि रुमालाच्या वरच धरायचं, म्हणजे निसटलं तरी फरशीवर आपटत नाही. समोरच्यानं भिंगातून बघू दे, काट्यावर तोलू दे, त्याला घाई करू नका. आणि आजच सांगून ठेवतो: काहीही घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू नको. तांब्यावरची जुनी काळपट झिलई गेली की शिवराईची किंमतही गेली.

व्हिक्टोरियाच्या रुपयांची कड नीट तपासा, विशेषतः डोक्याच्या वरची बाजू. आपल्याकडे रुपये दागिन्यांत घालायची पद्धत होती, बंजारा बायकांच्या दागिन्यांत तर अजून दिसतात. कडी काढून टाकली तरी डाकाचा खडबडीत डाग मागे राहतो. असेल तर विचारायच्या आधी आपणच सांगायचं. भाव बराच उतरतो, पण तो तसा उतरायलाच हवा. ‘क्वीन’ लिहिलंय की ‘एम्प्रेस’ तेही बघा, १८७७ पासून ‘एम्प्रेस’ आलं. १८६२ साल असेल तर थांबा. तेच साल घालून रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते आणि सालाभोवतीच्या बारीक ठिपक्यांवरून त्यांचे प्रकार ठरतात. असे प्रकार जमवणारे वेडे लोक आहेत, आणि थेट विक्रीत ते फार चांगले गिऱ्हाईक.

निजामी रुपये आपल्या भागात निघणारच. सोलापूर इंग्रजी मुलखात आणि तुळजापूर-नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यावर चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं: निजाम महबूब अली खानाच्या नाण्यावर ‘मीम’, त्याच्यानंतरच्या निजाम, उस्मान अली खानाच्या नाण्यावर ‘ऐन’. उस्मान अलीच्या अगदी सुरुवातीच्या, हिजरी १३२९-३०च्या नाण्यांवर हा ‘ऐन’ अर्धवट दिसतो, नंतर पूर्ण. हा फरक ओळखणारा माणूस प्रदर्शनात गाठा, त्याच्याशी व्यवहार करायला मजा येते.

शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. हाताने ठोकलेली नाणी, त्यामुळे सगळी अक्षरं क्वचितच पत्र्यावर मावतात. जितकी अक्षरं स्वच्छ तितका भाव जास्त. सगळ्या एका ढिगात तोलून देऊ नका, चांगल्या अक्षरांच्या वेगळ्या काढा.

मारुतीचं नाणं मात्र विकायला नेऊ नका. त्यावर नाव असलं तरी ईस्ट इंडिया कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही, नंतर कुणीतरी बनवून यात्रा-बाजारांत खपवलेला माल आहे तो. देवघरात ठेवा, आजोबांची आठवण म्हणून. कुणी फोनवर त्याचे लाखो रुपये देतो म्हणाला आणि आधी कमिशन किंवा कर भरायला सांगितला, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे प्रकार होतात, बँकेनं स्वतः २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता.

व्यवहार ठरला की साध्या कागदावर दोघांची नावं, नाण्याचं वर्णन, वजन, रक्कम आणि ‘खोटं निघाल्यास परत घेईन’ एवढं लिहा, सही करा. यूपीआयनं पैसे आले तर समोरच्याच्या मोबाईलवरची हिरवी खूण बघून नव्हे, आपल्या खात्यात जमा दिसल्यावरच नाणं हातात द्यायचं. अख्खा डबा कुणाला दाखवू नका, चार-पाच नाणी काढून न्या.

कायद्याचं थोडक्यात: शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. ती परदेशात पाठवता येत नाहीत, आणि हा धंदाच करायचा तर परवाना लागतो. जमिनीत सापडलेली नाणी असती तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं. तुमची घरातली आहेत, म्हणून तो प्रश्न नाही.

निजामी रुपयांच्या दोन्ही बाजूंचे फोटो सकाळच्या उजेडात काढून पाठवा. कमानीतलं अक्षर आणि हिजरी साल मी वाचून देतो, मग भाव ठरवा.