लाकडी फ्लोअरिंग आणि स्पीकरच्या वायरी: तुमचे प्रश्न

फ्लोअरिंग करायचं ठरलं की रंग, डिझाइन, दर सगळं बघून होतं, आणि स्पीकरच्या वायरी मात्र फळ्या बसायला लागल्यावर आठवतात. म्हणून आज फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतलेत. काम अजून सुरू झालं नसेल तर हे वाचून मगच फ्लोअरिंगवाल्याला तारीख द्या.

प्रश्न (पुणे): हॉलमध्ये टाइल्सवरच ८ मिमीचं लॅमिनेट टाकतोय. मागचे दोन सराउंड स्पीकर सोफ्याच्या मागे आहेत. फ्लोअरिंगवाला म्हणतो वायर फोमखालून सरळ आडवी टाकू, काही होत नाही. टाकू का?

नका टाकू. लॅमिनेट खाली चिकटवलेलं नसतं, सगळ्या फळ्या एकमेकींत लॉक होऊन फोमवर नुसत्या टेकलेल्या असतात. फोम २-३ मिमीचा आणि साधी दोन कोरची वायरच अडीच-तीन मिमी जाड, म्हणजे त्या रेषेवर फळी उचललेली राहणार आणि दोन्ही बाजूंना खाली पोकळ. चालताना प्रत्येक पावलाला फळी तिथे वाकते, आधी कुरकुर सुरू होते, मग लॉकची बारीक जीभ तुटते आणि सांधा उघडतो. वायर चेपली जाते ते वेगळंच. आणि हे पहिल्या आठवड्यात दिसत नाही, फ्लोअरिंगवाल्याचं पेमेंट होऊन तो गेल्यावर दिसतं, म्हणून "काही होत नाही" या शब्दावर जाऊ नका.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. पहिला आणि मला सगळ्यात आवडणारा, भिंतीच्या कडेने फिरवून न्या. वायर पाच-सहा मीटर जास्त लागेल पण आवाजात काही फरक पडत नाही (हिशोब खाली दिलाय). दुसरा, टाइल्सच्या सांध्यावरून कटरने झिरी मारून त्यात पाइप गाडा. टाइलखाली सिमेंट-वाळूचं बेडिंग असतं, झिरी त्या बेडिंगपुरतीच ठेवायची, स्लॅबला हात लावायचा नाही, तिथे सळ्या आहेत. पण बेडिंगची जाडी प्रत्येक बिल्डिंगमध्ये वेगळी असते, म्हणून आधी कोपऱ्यातली एखादी टाइल काढून बघा २० मिमीचा पाइप बसेल एवढी जागा आहे का. दुसरं म्हणजे बऱ्याच फ्लॅट्समध्ये लाइटचे पाइप याच बेडिंगमधून गेलेले असतात, कधी पाण्याचेही. इलेक्ट्रिशियनला बोलावून रस्ता ठरवा आणि कटर चालवताना त्या भागाची लाइन बंद ठेवा. झिरी सिमेंटने भरून टाइलच्या लेव्हलला आणायची, २ मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसता कामा नये.

तिसरा रस्ता, कागदासारखी चपटी तांब्याच्या पट्टीची स्पीकर वायर मिळते, एक मिमीच्याही आतली. ती फोमखाली चालते. फक्त ही नुसती स्पीकरसाठीच, २३० व्होल्टला कधीही वापरायची नाही.

प्रश्न (ठाणे): भिंतीलगत ८-१० मिमी फट सोडतात ना, स्कर्टिंगखाली झाकली जाणारच आहे. त्यातच वायर ठोसून बसवली तर आयतीच जागा झाली की!

जागा आयती आहे पण ती वायरीसाठी नाही ताई, ती पावसाळ्यासाठी आहे. लाकूड आणि लॅमिनेट दोन्ही हवेतली ओल पिऊन फुगतात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल किती असते ते तुम्हाला सांगायला नको. फुगलेल्या फ्लोअरला सरकायला ही फट लागते. ती वायरीने गच्च भरली की फ्लोअर भिंतीला अडतं आणि मग मधेच कुठेतरी फळ्या वर उचलल्या जातात.

वायर फटीत नको, स्कर्टिंगच्या पाठीत हवी. सुतार एमडीएफच्या पट्टीला मागून साधारण १० मिमीची खाच मारून देतो, मात्र खाच अशा उंचीवर हवी की वायर फळीच्या वरच्या पातळीपेक्षा वर राहील. स्क्रू सगळे पट्टीच्या वरच्या भागात आणि कामाच्या आधी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून सुताराला दाखवा की या रेघेखाली खिळा नाही म्हणजे नाही. थोडे जास्त पैसे गेले तर क्लिपवर बसणारी पीव्हीसी स्कर्टिंग घ्या, तिच्यात मागे वायरीची जागा असते आणि उद्या स्पीकर हलवला तर पट्टी काढून वायर बदलता येते. मी तरी भाड्याच्या किंवा लहान घरात हीच सुचवतो.

दरवाजा आडवा आला की लोक अडकतात. उंबऱ्याशी दोन फ्लोअर जोडणारी टी-पट्टी असते, तिच्या खालच्या मोकळ्या जागेतून बारीक वायर जाऊ शकते, फक्त स्क्रू मारायच्या आधी वायर कुठे आहे ते बघा. बाल्कनीचं स्लाइडिंग असेल तर सरळ दुसऱ्या बाजूने फिरवा, तिथे पाणी येतं.

प्रश्न (नाशिक): वायर लांब झाली तर आवाज कमी होतो का? दुकानदार मीटरला शंभरेक रुपयांवाली "ऑडिओफाइल" वायर घ्या म्हणतो.

हिशोब करू. १.५ स्क्वेअर एमएम (तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, बोलताना नुसतं १.५ एमएम म्हणतात) तांब्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.०११५ ओहम. १० मीटर लांब वायर म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर, झाले ०.२३ ओहम. स्पीकरच्या इम्पिडन्सच्या (स्पीकरवर ओहममध्ये लिहिलेला आकडा) ५ टक्क्यांच्या आत वायर असावी असा साधा नियम आहे, ८ ओहमच्या स्पीकरला ती मर्यादा ०.४ येते, म्हणजे १.५ एमएम आरामात पुरते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर मर्यादा ०.२ आणि तिथे २.५ एमएम घ्या, तिचे त्याच अंतराला ०.१४ होतात. बास. यापुढचे पैसे स्पीकरवर घाला.

एक गोष्ट मात्र बघूनच घ्या. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. रेझिस्टन्स दीडपटीच्या वर जातो आणि वाकवली की तुटते. फ्लोअरखाली कायमची जाणारी वस्तू आहे, तिथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नका.

प्रश्न (कोल्हापूर): झिरी मारलीच आहे तर लाइटची वायर पण त्याच पाइपमधून घेऊ का?

नाही. सुरक्षेच्या दृष्टीने नको, आणि हमच्या (सतत येणारा घूं आवाज) दृष्टीनेही नको. दोन पाइप वेगळे, समांतर जात असतील तर मधे फूटभर अंतर, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. स्पीकरच्या वायरीला हम सहसा येत नाही, सबवूफरच्या (बासचा वेगळा स्पीकर) वायरीला येतो कारण तिच्यातला सिग्नल बारीक असतो, म्हणून तिला शील्डवाली आरसीए केबल घ्या.

प्रश्न (न्यू जर्सी): आमचं लाकडी घर आहे, खाली बेसमेंट. वर सॉलिड ओकचं फ्लोअर ठोकून बसवणार आहेत. फळ्यांखाली वायर टाकून घेऊ?

तुमच्याकडे तर वरून टाकायची गरजच नाही. तिथे पाऊण इंची फळी दोन इंची क्लीटने (फ्लोअरिंगचा खास खिळा) सबफ्लोअरमध्ये, म्हणजे खालच्या प्लायच्या थरात, ठोकतात, शेकडो क्लीट, एखादा वायरीत जाणारच. बेसमेंटचं छत उघडं असेल तर वायर जॉइस्टच्या (फ्लोअर पेलणाऱ्या लाकडी तुळया) बाजूने न्या आणि स्पीकरच्या जागी भिंतीलगत भोक पाडून वर काढा. जॉइस्ट ओलांडताना भोक मधोमध, वरच्या-खालच्या कडेपासून किमान दोन इंच सोडून. वायर सीएल२ किंवा सीएल३ लिहिलेलीच घ्या, भिंतीत आणि फ्लोअरच्या पोकळीत तिथे तीच लागते. आणि क्लीटची टोकं खाली डोकावतात, म्हणून फ्लोअर ठोकून झाल्यावरच वायर ओढा.

प्रश्न (रत्नागिरी): एवढी कटकट कशाला, वायरलेस सराउंड घेतले तर?

घ्या की, पण त्यांनाही बहुतेक वेळा लाइटचा प्लग लागतोच. सोफ्यामागे पॉइंट नसेल तर झिरी आलीच, ती पण २३० व्होल्टची.

प्रश्न (संभाजीनगर): पाइप टाकला, वायर ओढली. फळ्या बसायच्या आधी काय काय तपासू?

आधी पाइपचंच बघा. कोपऱ्यावर एल्बो नको, लांब बेंड हवा, नाहीतर पुढे दुसरी वायर ओढता येत नाही. केळी प्लग (वायरीच्या टोकाला लावायचे बनाना प्लग) वायर ओढून झाल्यावर लावायचे, ते पाइपमध्ये अडकू शकतात. पाइपमध्ये वायरीबरोबर एक नायलॉनची दोरी रिकामी सोडून द्या, पाच वर्षांनी दुसरी वायर न्यायची वेळ आली तर फ्लोअर उचकटावं लागणार नाही. फ्लोअरखाली जोड अजिबात नाही, एकसंध तुकडा. दोन्ही टोकांना मीटरभर जादा वायर गुंडाळून ठेवा.

मग मल्टिमीटरने कंटिन्युइटी (तार अखंड आहे का) बघा, आणि दोन कोर एकमेकांना लागत नाहीत ना तेही. प्लस-मायनससाठी सोपी युक्ती आहे: वायर अँपपासून (अँप्लिफायर) सोडवा, दुसऱ्या टोकाला स्पीकर जोडा आणि अँपकडच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस लाल कोरला असताना वूफरचा कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. सगळे स्पीकर असे करा, एखादा उलटा राहिला की बास पातळ होतो आणि मग लोक स्पीकरला दोष देत बसतात.

शेवटी भिंतीपासून टेप धरून, आकडा दिसेल असे पाइपचे फोटो काढा. ते फॅमिली ग्रुपवर नको, ईमेल करून ठेवा, फोन बदलला तरी सापडतील. आणि एक प्रिंट फ्यूज बोर्डच्या झाकणात आतून चिकटवा, पुढच्या वेळी ड्रिल मारणारा माणूस तिथेच आधी जातो.